छोट्या विमानाचं लँडिंग वारंवार बिघडतं तेव्हा: तरंगणं, आपटणं, उसळी आणि भरकटणं

धावपट्टी अर्धी संपली तरी चाकं टेकत नाहीत. किंवा टेकतात आणि विमान चेंडूसारखं वर उसळतं. किंवा सगळं जमलं असं वाटत असतानाच नाक एका बाजूला वळतं आणि विमान गवतात शिरतं. दोन ते सहा आसनी खासगी विमानांचे उतरतानाचे बहुतेक अपघात या तीन-चार प्रकारांतच मोडतात. माणसं सहसा सुखरूप बाहेर येतात. प्रोपेलर, पुढचं चाक आणि विम्याचा हप्ता यांचं मात्र काही खरं नसतं.

त्याच वैमानिकाच्या हातून तीच चूक पुन्हा होते, कारण दुरुस्ती भलत्याच जागी चाललेली असते. विमान आपटलं म्हणून योक (हातातलं सुकाणू: ओढलं की नाक वर, दाबलं की खाली, वळवलं की विमान कलतं) ओढण्याचा सराव, उसळलं म्हणून योक दाबण्याचा सराव. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लक्षण धावपट्टीवर दिसतं, पण त्याचं मूळ बहुधा अर्धा-एक मिनिट आधी फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत खाली येण्याच्या शेवटच्या टप्प्यात, पडलेलं असतं. म्हणून इथे प्रत्येक लक्षण धरून उलट मागे जायचं आहे. उदाहरणाचे आकडे बहुतेक सेस्ना 172एसचे आहेत, कारण हे विमान पुष्कळांच्या हाताखालून गेलेलं असतं. तुमच्या विमानाचे आकडे त्याच्याच हँडबुकातून घ्यायचे.

पहिलं काम: दहा लँडिंगची नोंद

निदानाआधी पुरावा हवा. लागोपाठ दहा लँडिंगच्या चार गोष्टी लिहून ठेवा: जमिनीपासून 500 फुटांवर वेग किती होता, धावपट्टीचं टोक ओलांडताना किती होता, चाकं नक्की कुठे टेकली, आणि त्या वेळी वारा व विमानाचं वजन किती होतं. नोंद स्वतः उडवता उडवता करायची नाही. उजवीकडे बसणाऱ्याला सांगा, किंवा वेगमापक आणि समोरची काच दोन्ही दिसतील असा कॅमेरा मागे घट्ट बसवा. आठवणीवर विसंबू नका. 'पासष्टवर आलो होतो' असं शपथेवर सांगणाऱ्यांच्या चित्रीकरणात काटा चौऱ्याहत्तरवर दिसतो, आणि यात कोणी खोटं बोलत नसतं. शेवटच्या दहा सेकंदांत काट्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

दहा नोंदी झाल्या की एक रकाना सतत खटकतो. बहुधा तो धावपट्टीच्या टोकावरच्या वेगाचा असतो.

लक्षण: विमान तरंगत राहतं, चाकं टेकतच नाहीत

इथे घोडं जवळजवळ नेहमी वेगापाशी पेंड खातं. 172एसचा पूर्ण वजनाला (1157 किलो) आणि पूर्ण फ्लॅपला (फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या झडपा), आखूड धावपट्टीसाठी दिलेला वेग 61 नॉट (ताशी सागरी मैल) आहे. प्रत्यक्षात लोक 70 धरतात, वारा आहे म्हणून त्यात 5 घालतात आणि मनाच्या समाधानासाठी आणखी 5. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 61 ऐवजी 70 ला आलात तर जिरवायची ऊर्जा सुमारे 32 टक्के जास्त, 80 ला आलात तर 72 टक्के जास्त.

ही जादा ऊर्जा जिरवायची कुठे? जमिनीलगत तर ती जिरतही नाही. पंखांच्या एकूण लांबीपेक्षा (172 मध्ये 11 मीटर) खाली आलं की ग्राउंड इफेक्टमुळे, म्हणजे जमिनीच्या जवळिकीमुळे, ओढ (हवेचा अवरोध) कमी होते. थ्रॉटल पूर्ण बंद असूनही वेग ढोबळमानाने सेकंदाला 2 नॉट इतकाच उतरतो. 9 नॉट जादा म्हणजे साडेचार सेकंद, आणि त्या वेगाला दर सेकंदाला सुमारे 34 मीटर धावपट्टी मागे पडते. म्हणजे 150 मीटर नुसते तरंगण्यात गेले. हँडबुकात याच विमानाची चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंतची धाव समुद्रसपाटीला, 15 अंश सेल्सिअसला 175 मीटर दिली आहे. जवळपास तेवढंच अंतर तुम्ही चाकं टेकायच्या आधी उधळून टाकलेलं असतं.

आता योग्य वेग काढायचा कसा? स्टॉलच्या (पंखांची उचल तुटते त्या) वेगाच्या 1.3 पट हा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि त्यातच एक खड्डा आहे. 172एसच्या वेगमापकावर पांढरी पट्टी, म्हणजे पूर्ण फ्लॅपला स्टॉलचा वेग, 40 नॉटला सुरू होते. 40 ला 1.3 ने गुणलं की येतात 52, आणि 52 नॉटला फायनल करणं धोक्याचं आहे. नाक इतकं वर असताना वेगमापक कमी दाखवतो. काट्यावर 40 असतात तेव्हा दुरुस्त केलेला वेग 47-48 असतो. गुणाकार त्या आकड्याचा करायचा, म्हणजे 61-62 येतात आणि हँडबुकाशी हिशेब जुळतो. थोडक्यात, 1.3 चा गुणाकार काट्यावरच्या आकड्यावर कधी करू नका.

वजन कमी असेल तर वेगही कमी हवा. वजन 20 टक्क्यांनी उतरलं की वेग साधारण 10 टक्क्यांनी उतरतो. दोघंच जण आणि अर्धी टाकी अशा वेळी 61 चे 55 होतात. पूर्ण वजनाचा आकडा तसाच धरला तर 6 नॉट फुकट जादा. एकट्याने सराव करणाऱ्यांचं विमान हटकून तरंगतं त्याचं कारण हेच.

वाऱ्यासाठी जादा वेग घ्यायचा तो फक्त झोतांसाठी, आणि तोही निम्मा. वारा 12 नॉट आणि झोत 20 पर्यंत असेल तर फरक 8, म्हणून वाढ 4 नॉट. स्थिर वाऱ्यासाठी काहीही वाढवायचं नाही.

वेग बरोबर असून तरंगत असाल तर उंची तपासा. 3 अंशांच्या उतारावर 10 फूट जादा उंची म्हणजे टेकण्याची जागा सुमारे 58 मीटर पुढे. टोकावर 50 ऐवजी 100 फुटांवर असाल तर 290 मीटर गेले. पापी (PAPI, उतरण्याचा कोन दाखवणारे धावपट्टीलगतचे चार दिवे) असतील तर दोन पांढरे, दोन तांबडे दिसायला हवेत. चारही पांढरे दिसत असतील तर तुम्ही फारच वर आहात. दिवे नसतील तर काचेतून पाहा: धावपट्टीवरची जी जागा काचेत वर-खाली सरकत नाही, तिथेच तुम्ही चाललेले आहात. ती वर सरकू लागली तर अलीकडे पडाल, खाली सरकू लागली तर पलीकडे जाल. उंची स्लिपने (विमान हवेत तिरकं धरून, ओढ वाढवून) उतरवता येते, पण 172 च्या हँडबुकात 20 अंशांपेक्षा जास्त फ्लॅप असताना तीव्र स्लिप टाळायची सूचना आहे. ती वाचून मगच ठरवा.

आणि उपाय म्हणून जे कधीच करायचं नाही ते: तरंगणाऱ्या विमानाला योक पुढे दाबून चाकं टेकवणं. पंखांत अजून लिफ्ट शिल्लक आहे, म्हणून सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि विमान हातगाडीसारखं त्या एका चाकावर ढकललं जातं. त्या अवस्थेत रडरला (शेपटीवरच्या, पायांनी चालणाऱ्या उभ्या पानाला) थोडासा धक्का लागला तरी ते गर्रकन फिरतं. तसं झालंच तर पुढचा दाब ताबडतोब सोडा, ब्रेकला पाय लावू नका, आणि धावपट्टी पुरेशी नसेल तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जा.

अंतराचा हिशेब, जो कोणी करत नाही

172एसचं 50 फुटांच्या अडथळ्यावरून उतरून थांबेपर्यंतचं अंतर 407 मीटर. हा आकडा शांत वारा, कोरडी सपाट पक्की धावपट्टी आणि ठाकठीक ब्रेक यांचा. मागून वारा असेल तर 10 नॉटपर्यंत दर 2 नॉटला 10 टक्के वाढवा. म्हणजे 'पाचच तर नॉट आहेत' म्हणताना तुम्ही पाव धावपट्टी देऊन बसता. कोरड्या गवतावर जमिनीवरच्या धावेच्या 45 टक्के जादा. फ्लॅप न उघडता उतरायचं असेल तर वेग 9 नॉट जास्त आणि अंतर 35 टक्के जास्त. ब्रिटनचं नागरी उड्डयन प्राधिकरण खासगी वैमानिकांना येणाऱ्या अंतराला वरून 1.43 ने गुणायला सांगतं. हा गुणक घेतल्यावर धावपट्टी पुरत नसेल, तर ती आपल्यासाठी नाही असं समजावं.

उंचावरच्या धावपट्टीवर काट्याचा वेग तोच ठेवायचा, पण खरा वेग दर हजार फुटांना साधारण 2 टक्के वाढतो. 5,000 फुटांवर जमीन नेहमीपेक्षा जोरात पळताना दिसते, म्हणून डोळे हाताला वेग कमी करायला सांगतात. काट्याचं ऐका.

लक्षण: उंचावरूनच धप्पकन बसतं, किंवा नाकावर आपटतं

ही दोन्ही लक्षणं नजरेची आहेत. शेवटच्या 10 ते 20 फुटांत, जिथे फ्लेअर (टेकण्याआधी नाक हळूहळू वर घेणं) सुरू करायचा, तिथे नजर नाकासमोरच्या डांबरावर असेल तर ते वेगाने पळताना दिसतं आणि जमीन प्रत्यक्षाहून जवळ भासते. हात योक लवकर ओढतो, विमान 8-10 फुटांवर थांबतं, वेग संपतो आणि ते बसतं. उलट नजर फारच लांब, पार क्षितिजाकडे गेली तर उंचीचा अंदाजच येत नाही आणि फ्लेअर उशिरा होतो किंवा होतच नाही. टोक ओलांडल्यावर नजर धावपट्टीच्या शेवटच्या तृतीयांशाकडे न्या आणि कडा बाजूच्या नजरेने दिसू द्या. कडा दोन्ही बाजूंना फाकत वर येताना दिसतात, तीच उंचीची खरी खूण.

एक गोष्ट प्रशिक्षणात क्वचितच सांगितली जाते: आसनाची उंची. दर वेळी वेगळ्या उंचीवर बसाल तर नाकापुढे दिसणारं चित्र दर वेळी वेगळं, आणि डोळ्यांना सवयच लागत नाही. क्लबच्या विमानात तुमच्या आधी सहा फुटी माणूस बसून गेलेला असतो. आसन किती आट्यांवर लावायचं तो आकडा लिहून ठेवा. पुढे-मागे सरकवल्यावर खिट्टी रुळाच्या भोकात बसली की नाही हेही अंगाने झोका देऊन तपासा. सेस्नाच्या आसनरुळांवर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने स्वतंत्र निर्देश काढले आहेत ते काही उगाच नाहीत.

धावपट्टीही डोळ्यांना फसवते. नेहमीपेक्षा अरुंद असेल तर आपण वर आहोत असं वाटतं आणि माणूस खाली खाली येतो. रुंद असेल तर उंचावरच फ्लेअर होतो. समोर चढ असेल तरी वर असल्याचा भास. रात्री आजूबाजूला दिवे नसलेल्या धावपट्टीकडे सरळ येताना हा भास सर्वांत घातक ठरतो: समोर फक्त दिव्यांच्या दोन रांगा, खाली काळोख, आणि उतार नकळत खोल होत जातो. तिथे पापी नसेल तर उंचीमापक आणि धावपट्टीपासूनचं अंतर यांचा मेळ घाला: 3 अंशांवर दर सागरी मैलाला सुमारे 318 फूट. डोळ्यांना त्यात मत देऊ नका.

नजर ठीक असून नाक उचललंच जात नसेल तर भार कुठे आहे ते पाहा. पुढे दोघं, मागची आसनं रिकामी, फ्लॅप पूर्ण, थ्रॉटल बंद: गुरुत्वमध्य पुढच्या मर्यादेजवळ, आणि शेपटीवरून जाणारा प्रोपेलरचा झोतही गेलेला. योक पोटापर्यंत ओढूनही पुरत नाही असं वाटतं. उपाय तीन. शेवटच्या टप्प्यात ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारं चाक) नाक-वर दिशेला फिरवून ठेवा. शक्ती फ्लेअरच्या आधी एकदम न काढता फ्लेअर करता करता हळूहळू काढा. आणि वजनाचा हिशेब करून सामानाच्या कप्प्यात मर्यादेतलं वजन नीट बांधून ठेवा.

लक्षण: उसळी, मग दुसरी उसळी

विमानं मोडतात ती इथे, म्हणून हे जरा सावकाश पाहू.

पहिल्या टेकण्यात पुढचं चाक आधी लागलं किंवा तिन्ही एकदम लागली. पुढचं चाक वर ढकललं गेलं, नाक उचललं गेलं, अँगल ऑफ अटॅक (पंख हवेला भिडतो तो कोन) वाढला, आणि वेग अजून असल्याने विमान पुन्हा उडालं. 172 च्या मागच्या पायांची पोलादी रचना स्प्रिंगसारखी आहे, तीही साठवलेला धक्का परत देते. आता विमान चार-पाच फुटांवर, नाक वर, वेग घसरतोय. वैमानिकाला समोर आकाश दिसतं आणि हात आपोआप योक पुढे दाबतो. पण हाताला अर्धा सेकंद उशीर झालेला असतो: योक दाबला जातो तेव्हा नाक स्वतःहूनच खाली यायला लागलेलं असतं. दोन्ही मिळून पुढचं चाक पहिल्यापेक्षा जोरात आदळतं. पुन्हा वर. पुन्हा उशिराने दाब. प्रत्येक फेरीत उसळी मोठी होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पुढच्या चाकाचा स्ट्रट (आधाराचा दांडा) मोडतो किंवा प्रोपेलरची पाती डांबराला लागतात. सेस्नामध्ये पुढचा स्ट्रट फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीला) जोडलेला आहे, त्यामुळे स्ट्रट शाबूत दिसला तरी फायरवॉल दुमडलेली असू शकते.

उपाय ठरलेला आहे आणि तो आधीच ठरवून ठेवायला हवा. उसळी फूट-दोन फुटांची असेल तर योक जिथे आहे तिथे धरा, नाक लँडिंगच्या स्थितीत ठेवा, लागलीच तर किंचित शक्ती द्या, पंख सरळ ठेवा आणि मागच्या चाकांवर पुन्हा बसू द्या. त्याहून मोठी असेल, विमान तिरकं झालं असेल किंवा दुसरी उसळी आली असेल, तर पूर्ण शक्ती आणि गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. योक पुढे दाबणं हा पर्याय यादीतच नाही.

न टेकताच फ्लेअरमध्ये विमान वर फुगलं तरी तोच न्याय. थोडं असेल तर नाक धरून बसू द्या. जास्त असेल तर निघा.

मूळ कारण विचाराल तर पुन्हा वेग. बरोबर वेगाला पुढचं चाक आधी टेकवणं अवघड असतं, कारण हवेत राहायला नाक वरच लागतं. नाकावर टेकणारं विमान बहुतेकदा अजून उडायला तयार असलेलं विमान असतं.

लक्षण: टेकल्यावर विमान बाजूला ओढतं

मूळ बहुधा फायनलवर असतं असं वर म्हटलं, त्याला हा अपवाद. इथे चूक टेकल्यानंतर होते: वैमानिक चाकं लागली की उडवणं थांबवतो.

आधी आडवा वारा मोजा. घड्याळाची युक्ती पुरेशी आहे: अंशांना मिनिटं समजा. धावपट्टी आणि वारा यांतला कोन 15 अंश असेल तर वाऱ्याचा पाव भाग आडवा, 30 ला अर्धा, 45 ला पाऊण, 60 आणि पुढे पूर्ण. 45 ला नेमका आकडा 0.7 येतो, पण चूक सुरक्षित बाजूला आहे. 20 नॉट 30 अंशांवर म्हणजे 10 आडवे. तेच 60 वर असतील तर युक्तीने 20, नेमके 17. 172एससाठी चाचणीत दाखवलेला आडवा वारा 15 नॉट आहे. ती विमानाची कायद्याने ठरलेली मर्यादा नाही, पण तुमची मर्यादा त्याहून निश्चितच खाली असणार. आणखी एक बारकावा: हवामानाच्या लेखी अहवालात वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून असते, धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय उत्तरेपासून. जिथे फरक 15 अंशांचा आहे तिथे हिशेब सपशेल चुकतो.

फायनलवर क्रॅब करत, म्हणजे नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं या, हरकत नाही. पण टेकण्याआधी वाऱ्याकडचा पंख खाली, विरुद्ध रडर, नाक धावपट्टीच्या रेषेत. एलेरॉनने (पंखांच्या टोकांजवळच्या, विमान कलवणाऱ्या झडपांनी) बाजूला वाहणं थांबवायचं, रडरने नाकाची दिशा धरायची. हात आणि पाय यांची कामं एकमेकांत मिसळली की गडबड सुरू होते. वाऱ्याकडचं मागचं चाक आधी टेकेल, मग दुसरं, मग पुढचं. हे चुकीचं वाटतं, पण असंच हवं.

आता नेमकी चूक. चाक टेकलं की माणूस सुटल्यासारखा योक सरळ करतो. वेग उतरतोय म्हणजे एलेरॉनचा जोर कमी होतोय, तेव्हा एलेरॉन वाऱ्याकडे कमी नाही, वाढवत न्यायला हवा. विमान चालण्याच्या वेगाला येईपर्यंत योक त्या बाजूला पूर्ण वळलेला असला पाहिजे. तो सरळ केला की वाऱ्याकडचा पंख उचलला जातो, भार एका चाकावर जातो, शेपूट वातकुक्कुटासारखी फिरते आणि नाक वाऱ्याकडे वळतं.

पायपर चेरोकीसारख्या विमानांत पुढचं चाक रडरच्या पॅडलांना थेट जोडलेलं असतं. 172 मध्ये मध्ये स्प्रिंग आहे. चेरोकीत रडर दाबून धरलेलं असताना पुढचं चाक खाली आलं तर ते वळलेल्या स्थितीतच जमिनीला लागतं आणि हिसका बसतो. म्हणून ते टेकण्याच्या क्षणी रडर मध्यावर आणा आणि टेकल्यावर पुन्हा हवं तसं द्या. टेकतानाच पुढचं चाक थरथरत असेल तर शिमी डँपर (थरथर शोषणारा भाग), टायरमधली हवा आणि चाकाचा तोल मेकॅनिककडून तपासून घ्या. तोवर नाकावरचा भार कमी करायला योक मागे धरा.

मागे छोटं चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे एकदा फिरायला लागलं की फिरण्याचा वेग आपोआप वाढतो. तिथे पाय सतत, छोट्या छोट्या हालचालींनी चालू हवेत. मोठी दुरुस्ती लागली म्हणजे उशीर झालाय.

ब्रेक आणि पाणी

टाचा जमिनीवर, पायाची बोटं पॅडलाच्या वरच्या भागापासून दूर. आडव्या वाऱ्यात जोरात रडर देताना बोटं नकळत ब्रेकवर जातात, चाक अडकलेल्या स्थितीत टेकतं आणि टायर एका जागी घासून फुटतो. टेकल्याबरोबर ब्रेक मारून उपयोगही नसतो. भार अजून पंखांवर असतो. आधी नाक आपोआप खाली येऊ द्या, मग योक मागे घेत दाब वाढवा.

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग नॉटमध्ये काढायला टायरमधल्या हवेच्या दाबाच्या (पीएसआय) वर्गमुळाला 9 ने गुणा. 30 पीएसआयला 49 नॉट. म्हणजे छोटं विमान टेकल्या टेकल्या तरंगण्याच्या पट्ट्यात असतं. तिथे ब्रेकला पाय लावण्याआधी हवेच्या ओढीलाच वेग खाऊ द्या.

चाकं बाहेर काढायची राहिली

आत-बाहेर होणारी चाकं असलेल्यांसाठी. कारण अज्ञान नसतं, क्रम मोडणं असतं: कुणीतरी रेडिओवर बोललं, दुसरं विमान दिसलं, आणि यादी मध्येच तुटली. तुटलेली यादी पुढे चालू करायची नाही, पहिल्यापासून म्हणायची. चाकांची तपासणी तीन ठरलेल्या जागी: डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना), बेसवर (तिथून धावपट्टीकडे आडवं वळल्यावर) आणि फायनलवर, हिरवे दिवे बोट लावून मोजत. उलटी चूकही तितकीच होते: धावताना फ्लॅप आत घ्यायला जाऊन हात चाकांच्या कळीवर पडतो. जुन्या बोनान्झांमध्ये या दोन कळांच्या जागा इतर विमानांच्या उलट होत्या, त्यामुळे त्यात हे जास्त घडलं. धावपट्टी सोडून थांबल्याशिवाय फ्लॅपला हात लावू नका. चार सेकंद उशिराने कुणाचं काही अडत नाही.

फायनलला वळताना: इथे माणसं जातात

आतापर्यंतच्या प्रकारांत पत्रा वाकतो. बेसवरून फायनलला वळताना मात्र जीव जातो. वारा बेसवर मागून असेल तर जमिनीवरचा वेग वाढतो आणि धावपट्टीची रेषा मागे पडते. वैमानिक वळण आवळतो, पण 30 अंशांहून जास्त कलायचं नाही हे मनात पक्कं असतं, म्हणून आतल्या बाजूचं रडर दाबून नाक खेचतो. नाक खाली जातं, म्हणून योक ओढतो. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला उलटतं. 500 फुटांत त्यातून बाहेर यायला जागा नसते.

आकडे असे: उंची राखून 30 अंश कललं की स्टॉलचा वेग 7 टक्के वाढतो, 45 ला 19 टक्के, 60 ला 41 टक्के. रेषा ओलांडली तर ओलांडू द्या. कल 30 च्या आत, घसरण दाखवणाऱ्या यंत्रातला चेंडू मध्यावर, आणि परत येणं जमत नसेल तर गो-अराउंड. पुढच्या फेरीत बेस रुंद ठेवा.

गो-अराउंड, जो सरावात नसतो

500 फुटांवर एक फाटक कल्पा. वेग ठरलेल्या आकड्याच्या 10 नॉट वर ते 5 नॉट खाली या पट्ट्यात नाही, विमान रेषेत नाही, फ्लॅप लावायचे बाकी आहेत, किंवा उतरण्याचा दर मिनिटाला 1,000 फुटांहून जास्त आहे: यातलं काहीही असलं तर फाटक बंद. धावपट्टीच्या पहिल्या तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तरी निघायचं.

क्रम: पूर्ण थ्रॉटल (कार्ब्युरेटर असेल तर कार्ब हीट, म्हणजे त्याला जाणारी गरम हवा, बंद), उजवं रडर, नाक ताब्यात, मग फ्लॅप. 172एसमध्ये 30 वरून लगेच 20, 60 नॉटला चढ, अडथळे ओलांडेपर्यंत 10, आणि सुरक्षित उंची व 65 नॉट मिळाल्यावर शून्य. फ्लॅप एकदम सगळे आत घेतले तर विमान खाली बसतं.

धोका ट्रिमचा आहे. लँडिंगसाठी नाक-वर ट्रिम केलेल्या विमानाला एकदम पूर्ण शक्ती दिली की नाक झपाट्याने वर आणि डावीकडे जातं. ते दाबून धरायला योकवर चांगलाच जोर लागतो, आणि ज्यानं हे कधी केलेलं नाही तो दचकतो. म्हणून आधी 3,000 फुटांवर, लँडिंगची पूर्ण मांडणी करून, प्रशिक्षकाबरोबर पाच-सहा वेळा करून तो जोर हाताला ओळखीचा करा. मग धावपट्टीवर: दर चौथ्या फेरीला, लँडिंग कितीही सुंदर येत असलं तरी, 20 फुटांवरून परत.

आपटलंच तर पुन्हा उडण्याआधी

टॅक्सी करून जागेवर आणा आणि इंजिन बंद करा. फायरवॉलच्या खालच्या कडेला आणि पुढच्या स्ट्रटच्या बुडाशी पत्र्याला सुरकुती आहे का पाहा. रिवेटभोवती काळा वा राखाडी डाग म्हणजे रिवेट ढिला झालाय. मागच्या पायांचे जोड, पंखांच्या मुळाशी पत्रा, ऑलिओ स्ट्रटमधून (तेल-हवेच्या धक्काशोषकातून) गळणारं तेल, टायरवर सपाट घासलेला चट्टा, ब्रेकच्या नळ्या, शेपटीचा खालचा कडा. दारं नेहमीसारखी लागत नसतील तर सांगाडा हललाय असं धरून चाला. वजन जास्त असताना आपटलं असेल तर मेकॅनिकला तेही सांगा, त्याची तपासणी वेगळी असते.

शेवटी प्रोपेलर. पातीच्या टोकावर खरचटल्याची खूण किंवा किंचितही बाक दिसला, तर फाइलने घासून उडायचं नाही. इंजिनाच्या आत क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकाला गिअर बसवलेला असतो, एका बोल्टवर आणि एका छोट्या खुंटीवर. धक्क्याने ती खुंटी कातरली जाऊ शकते, आणि बाहेरून इंजिन अगदी गुळगुळीत चालतं. तो गिअर सुटला की मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) एकाच वेळी थांबतात. म्हणूनच लायकमिंग कंपनीच्या, प्रोपेलर थेट जोडलेल्या इंजिनांत पाती कशालाही आपटल्यावर तो गिअर, बोल्ट आणि खुंटी उघडून पाहणं अमेरिकेत 2004 च्या निर्देशाने सक्तीचं आहे.